गुरुवारचं सोनं

इनोबत ट्रामला चढली की तिच्या शेजारची जागा हळूहळू रिकामी व्हायची. बाई नीटनेटकी, केस रुमालात घट्ट बांधलेले, मांडीवर पुस्तकांची पिशवी. पण अंगाला वास असा, की कुजक्या लसणाची पोटली कुणी कोटाच्या अस्तरात शिवून दिली असावी. एकदा एका पांढऱ्या दाढीच्या बाबांनी विचारलंच, "पोरी, कसायाच्या घरची का गं तू?"

"नाही बाबा. रसायनांच्या संस्थेत कामाला असते."

"मग कसायाकडेच नोकरी धर," बाबा उठता उठता म्हणाले. "वास तोच, वर संध्याकाळी हातात मांस तरी पडेल."

घरी येऊन तिने ही गोष्ट सासूला सांगितली. सासू खोसियत हसलीच नाही. "खरं तेच बोलला," म्हणाली. "अशी माणसं आता राहिली नाहीत. त्याचं घर कुठलं ते तरी विचारायचंस."

इनोबत मूळची चुस्त गावची, जिथल्या सुऱ्या नावाजलेल्या. बाप सुऱ्या घडवायचा, आणि सुरीला पाणी देता देता पोरांना शहाणपणही द्यायचा. पोलाद रोज पुसलं नाही तर रुसतं, म्हणायचा. सोनं मात्र नदीत टाका, चिखलात पुरा, शंभर वर्षांनी काढा, जसंच्या तसं. सोन्याला जपावं लागतं ते फक्त चोरापासून. हे वाक्य घेऊन ती लग्न होऊन ताश्कंदला आली. पुढे त्याच वाक्याने तिचा घात केला, पण ते नंतर.

नवऱ्याचं नाव तुर्गुन, म्हणजे टिकून राहणारा. आधीची दोन बाळं गेली म्हणून खोसियतने हे नाव ठेवलं होतं. तो जगला, वाढला, लग्न केलं, आणि एका वसंतात इमारतीच्या कामाला रशियात गेला तो तिकडेच राहिला. आधी फोन यायचे, मग सणावारी यायचे, मग कुणी तरी सांगितलं की तिकडे त्याचं दुसरं घर आहे. मूलबाळ नव्हतं. आता सासू आणि सून, दोघी एका अंगणात. मोहल्ल्यातल्या बायकांना वाटलं, सून माहेरी जाईल. गेली नाही. बोलावलंही नाही कुणी, आणि सासूने जा म्हटलंही नाही. शेजारणीने एकदा खोचून विचारलं तेव्हा खोसियत म्हणाली, "नाव ठेवलं ते खरं ठरलं ना. टिकून राहिला, फक्त जागा चुकली. ही त्याच्या जागी राहिली आहे. मला कोण तरी चहा देणारं हवं, हिला कोण तरी शिव्या देणारं."

संस्थेत इनोबतचं काम सांगायला सोपं होतं. काचेच्या पट्टीवर सोन्याचा थर द्यायचा, इतका पातळ की उजेडाकडे धरली तर पलीकडचं हिरवट दिसावं. मग ती पट्टी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या एका गंधकी द्रव्यात बुडवून ठेवायची. अंगाला येणारा तो घाण वास त्यातलाच. त्या द्रव्याच्या रेणूला एका टोकाला गंधक, दुसऱ्या टोकाला लांब शेपूट. गंधकाला सोन्याचा भारी सोस. ते टोक सोन्याला चिकटतं, शेपूट वर राहते. एकाशेजारी एक, जरासे कललेले, वाऱ्यातल्या गव्हासारखे सगळे उभे राहतात. रांग कुणी लावत नाही, आपली आपण लागते. जाडी एका रेणूची, बस.

तिचा प्रश्न त्याच्या पुढचा. अशी भरलेली पट्टी दुसऱ्याच द्रव्यात बुडवली, तर जुने उठतात का? नवे त्यांच्या जागी बसतात का? कोण आधी उठतं? डोळ्यांना तर काहीच दिसत नाही. म्हणून ती पट्टीवर पाण्याचा थेंब ठेवायची. जुन्यांच्या शेपट्या तेलकट, त्यांच्यावर थेंब मण्यासारखा उभा राहायचा. नव्यांच्या शेपट्यांना पाण्याची आवड, त्यांच्यावर तो पसरायचा. थेंब जसजसा बसका होत जाई, तसतशी अदलाबदल झाली असं समजायचं. थेंबाला छोट्या दुर्बिणीतून बघत ती तासन्‌तास बसायची. खोसियत म्हणायची, "लोक पाण्यात पाहतात ते दुसऱ्याचं वाईट चिंतायला. माझी सून पाण्यात पाहते आणि पगार घेते."

अदलाबदल फार सावकाश चालायची. बांधाबांधावरचे, फटीतले रेणू लवकर उठायचे. दाट शेतातले हलायला तयार नसायचे. काही तर कधीच हलत नसत. हे जगाला ठाऊक होतं. पण इनोबतच्या काही पट्ट्यांवर थेंब दुसऱ्याच दिवशी पसरायला लागला. सगळ्यांवर नाही, काहींवर.

तिचे गुरू तोलिब-दोमला. दोमला म्हणजे आमच्याकडे शिकवणारा, मग तो मदरशातला असो की प्रयोगशाळेतला. त्यांनी थेंब पाहिला, चष्मा काढला, पुसला, परत पाहिला. "इनोबत, हा तुझा प्रबंध आहे."

"पण दोमला, काही पट्ट्याच अशा का?"

"त्या दिवशी तुझा हात लागला असेल. माझी आई नान भाजायची, रोज तंदूर तोच, पीठ तेच. एखाद्या दिवशी नान असे फुगायचे की शेजारी मागायला यायचे. कारण विचारलं का कुणी? ज्या पट्ट्या चालतात त्या धर."

पट्टी झटपट बदलता आली तर कालव्याच्या पाण्यातलं विष तपासायला एकच पट्टी धुऊन पुन्हा पुन्हा वापरता येईल, असं त्यांचं म्हणणं. संचालकांच्या कानावरही त्यांनी ते घातलं. शरद ऋतूत ते निवृत्त व्हायचे होते. ते गेले की खोली कुणाकडे जाईल, काय काम चालेल, देव जाणे. आणि इनोबत अजून साधी मदतनीस; आधी सासऱ्याचं आजारपण, मग नवऱ्याची वाट पाहणं, प्रबंध मागे पडत गेला होता. आता नाही तर कधीच नाही. उरलेला जन्म दुसऱ्यांच्या बाटल्या धूत काढायचा. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेचा महिनासुद्धा ठरला. खोसियतने मोहल्ल्यात आधीच सांगून टाकलं की आमची केलिन, म्हणजे सून, डॉक्टर होतेय. झालं, बायका गुडघे दाखवायला येऊ लागल्या.

मध्येच रमजान आला. रोजे सुरू झाले, आणि झटपट पट्ट्या बंद पडल्या. एकही थेंब वेळेआधी पसरेना. दोमला म्हणाले, "उपाशी आहेस, हात थरथरतो." तिचा हात थरथरत नव्हता. सुरीवाल्याची पोर होती ती.

ईद झाली. पुढच्याच आठवड्यात पुन्हा एका पट्टीवर थेंब पसरला.

त्या संध्याकाळी सासू-सून अंगणात द्राक्षवेलीखाली जेवत होत्या. टोमॅटो आणि पातळ कापलेल्या कांद्याची कोशिंबीर होती. खोसियतचे समोरचे दात सोन्याचे; तरुणपणी, चांगले दात काढून बसवून घेतलेले, तेव्हा तशी हौसच होती. तिने कांदा चावला आणि तोंड वाकडं केलं.

"काय झालं, ओयी?" सासूला ती ओयीच म्हणायची, आई म्हणून.

"काय व्हायचंय. आता उद्यापर्यंत हा कांदा तोंडातून जायचा नाही. माझ्या खऱ्या दातांना काही नाही गं, ते चहाने धुतले की मोकळे. हे सोन्याचे मेले धरून ठेवतात. महिनाभर रात्री सूप पिऊन होते, तर तोंड कसं गुलाबासारखं होतं."

"गुलाबासारखं?" इनोबत म्हणाली. "शिव्या तर त्याच होत्या."

"शिव्यांना वास नसतो."

इनोबतने घास खाली ठेवला. सासूचं म्हणणं दातांच्या वैद्याला पटलं असतं की नाही कोण जाणे. पण तिच्या डोळ्यांपुढे दात नव्हते, संस्थेची खिडकी होती.

त्या खिडकीखाली अंगण, अंगणात चूल, चुलीवर कढई. रोज्यांचा महिना सोडला तर दर गुरुवारी संस्थेचा पुलाव शिजायचा. शिजवणारे मिर्सोअत-अका. अका म्हणजे थोरला भाऊ. ते सगळ्यांचेच अका. पेशाने काचेची भांडी फुंकून बनवायचे, पण ओळख पुलावामुळे. तेलाला धूर आला की कांदे टाकायचे आणि ते काळसर होईस्तोवर परतायचे, लसणाचे अख्खे गड्डे वर खोचायचे. भात मुरला की कढईच्या कडेवर झारा आपटायचे. तो आवाज आला की हातातलं काम टाकून खाली यायचं, हा शिरस्ता. गरम पुलाव वाट बघत ठेवणं म्हणजे अकांच्या तोंडावर थुंकणं. एकदा कुणी तरी मोजमाप अर्धवट सोडता येईना म्हणून उशिरा आला, त्याला अकांनी वर्षभर तळाची करपट वाढली.

सोन्याचा थर द्यायचं यंत्र एकच होतं. इनोबतची पाळी सोमवारी आणि गुरुवारी. गुरुवारी पट्ट्या यंत्रातून निघायच्या त्या नेमक्या झाऱ्याच्या आवाजाला. मग त्या खिडकीतल्या मेजावर उघड्या ठेवून ती खाली धावायची. पट्ट्या गंधकात बुडायच्या पुलाव खाऊन, चहा पिऊन आल्यावर. सोन्याला काय होतंय? सोनं थोडंच शिळं होतं?

पुढच्या गुरुवारी तिने एक पट्टी घट्ट झाकणाच्या डब्यात घालून लांबच्या कपाटात ठेवली, एक खिडकीत, आणि एक बशीखाली, चिरलेल्या कांद्याशेजारी. मग सगळ्यांना सारखं बुडवलं, सारखी अदलाबदल करायला लावली. डब्यातल्या पट्टीवर थेंब मण्यासारखा उभा. खिडकीतल्या पट्टीवर पसरला. कांद्याशेजारच्या पट्टीवर तर असा लोळला, की जणू त्याच्या बापाचंच अंथरूण.

कांद्यालसणातही गंधक असतं. त्याचे रेणू आखूड शेपटीचे, हवेतून येतात आणि उघड्या सोन्यावर फतकल मारून बसतात. मागून आलेल्या लांब शेपट्यांना मग दाट उभं राहता येत नाही. रांगेत भोकं राहतात, आणि त्या भोकांतून नवे घुसतात. हाताचा गुण वगैरे काही नव्हता. गुण होता तो मिर्सोअत-अकांच्या फोडणीचा.

घरी जाऊन तिने हे सासूला सांगितलं. खोसियतने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे तुझा शोध खोटा?"

"खोटा नाही, ओयी. पण ज्याचा म्हणून सांगणार होते त्याचा नाही."

"आणखी कुणाला ठाऊक आहे?"

"तुम्हाला."

"मग कुणालाच नाही. हे बघ केलिन, नवरी आधी घरात घ्यावी, मग तिच्यात खोट काढावी. परीक्षा होऊ दे. मग सांग खुशाल, कांदा होता, गाजर होतं. कांद्याला कोण साक्षीला बोलावतंय?"

"मी तिथे उभी राहून काय सांगू? माझ्या हाताचा गुण?"

"तुझा सासरा आयुष्यभर घड्याळं दुरुस्त करायचा. निम्मी आपली आपण सुरू व्हायची. तो सांगायचा का लोकांना?"

इनोबतने पिशवीतून पट्ट्यांची वही काढली. खोसियतने चहाचा पेला पुढे सरकवला आणि विषय सोडला. तिने तो सोडला याचा अर्थ सून काय करणार ते तिला कळलं होतं.

तोलिब-दोमला ऐकताना खिडकीकडे बघत राहिले. खाली चूल थंड होती. वार दुसराच होता.

"मी तो पुलाव या खिडकीत बसून जन्मभर हुंगला," ते शेवटी म्हणाले. "कुणाला सांगितलंस?"

"सासूला."

"म्हणजे सगळ्या ताश्कंदला." ते हसले, मग हसू गेलं. "इनोबत, माझ्याकडे शरदापर्यंतच वेळ आहे. तू आता मागे घेतलंस तर मी असताना तुझं होणार नाही. पुढे जो येईल तो तुला ठेवेल की नाही, मी शब्द देऊ शकत नाही. संचालकांपुढे माझीही मान खाली जाईल, ते सोड. म्हातारी मान आहे, सवय होईल तिला."

"तुम्ही सांगाल तसं करते, दोमला."

"मी काही सांगत नाही. मी तुला एकदा सांगितलं होतं, चालतात त्या पट्ट्या धर. माझं सांगणं ऐकून तू इथवर आलीस."

बाहेरच्यांपुढे परीक्षा होण्याआधी संस्थेतल्याच माणसांपुढे प्रबंध वाचून दाखवायची पद्धत होती. खोली भरली. मिर्सोअत-अकाही मागे येऊन बसले; अशा वेळी चहाबरोबर गोड मिळायचं. इनोबत उभी राहिली आणि आधी डब्यातल्या पट्टीचं सांगितलं, मग खिडकीतल्या, मग कांद्याशेजारच्या. झटपट अदलाबदल म्हणून जे काही मी लिहिलं ते गुरुवारचं सोनं आहे, म्हणाली, आणि प्रबंध मागे घेते.

आधी कुणाला कळेना. मग कुणी तरी फिसकन हसलं, आणि मग सगळी खोली.

मिर्सोअत-अका उठून उभे राहिले. "माझ्या कांद्याने सोनं नासलं? ह्या कांद्यावर या संस्थेत प्राध्यापक पोसलेत! जे आज नाकाने कांदे सोलताहेत, त्यांनी तोंडाने किती खाल्लेत ते विचारा!"

"अका, कांदा उत्तमच आहे," इनोबत म्हणाली. "सोनंच उघडं होतं. ते मी उघडं ठेवलं."

"मग तुझ्या सोन्याला सांग, झाकून बसायला!" ते निघून गेले. गोडसुद्धा घेतलं नाही.

हसू ओसरल्यावर कोपऱ्यातून शोइराने हात वर केला. शोइरा कोरियात शिकून आलेली, इनोबतपेक्षा बरीच लहान. "ओपा," ती म्हणाली. थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. "कांद्याचे जे आखूड आधी येऊन बसले, ते नव्या द्रव्यात पहिल्यांदा उठतात, की लांब शेपटीवाले उठतात आणि हे राहतात?"

"ठाऊक नाही."

"किती कांदा पुरतो?"

"तेही नाही."

"हं," शोइरा म्हणाली आणि खाली बसली.

शरद आला. तोलिब-दोमलांना रेशमी झगा आणि टोपी देऊन निरोप दिला. संचालक त्यांच्याशी नेहमीसारखे बोलले, म्हणजे जरा कमीच. खोली शोइराकडे गेली. इनोबतने बाटल्या धुवायला घेतल्या. कुणी काढून टाकलं नाही, कुणी काही म्हटलं नाही. जिन्यात भेटणारे मात्र अधूनमधून विचारायचे, "ओपा, आज वारा कुठला?" मिर्सोअत-अका तिला गुरुवारी करपट वाढत राहिले.

काही दिवसांनी शोइराने तिच्या मेजावर कांद्यांची जाळी आणून ठेवली. "ते दोन प्रश्न," म्हणाली. "मला स्वतःला वेळ नाही. आणि मला या वासाची सवयही नाही."

इनोबतने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. एक रांग झाकलेल्या सोन्याची, दुसरी मुद्दाम बाटवलेल्या सोन्याची. उत्तर यायला वर्षं लागली, आणि ते काही डोळे दिपवणारं नव्हतं: कांद्याचे आखूड, आगाऊ, आधी जागा धरून बसलेले, तेच पहिल्या हाकेला उठतात. त्यांच्यामुळे शेजारचे लांबही सैल होतात आणि मागोमाग जातात. जे दाट उभे आहेत ते बाटलेल्या पट्टीवरही हलत नाहीत. याचा कालव्याच्या पाण्याला फारसा उपयोग नव्हता. उपयोग इतकाच, की जगात कुठेही कुणाच्या पट्ट्या एखाद्या दिवशी उगाच झटपट चालल्या, तर त्याने आधी खिडकीखाली काय शिजतंय ते बघावं.

खोसियतला हे सगळं बघायला मिळालं नाही. परीक्षेआधीच्या हिवाळ्यात ती छातीच्या दुखण्याने गेली. तुर्गुन आला तो माती झाल्यावर. चटईवर बसला, पाहुण्यांबरोबर जेवला, इनोबतला म्हणाला, "आईची काळजी घेतलीस, उपकार झाले." ती म्हणाली, "त्यांनी माझी घेतली." तो परत गेला. अंगण, वेल, चहाची भांडी, सगळं जिथल्या तिथे राहिलं, आणि इनोबतही. कोशिंबिरीत ती कांदा आता जरा कमी घालते; तो उरतो, खायला दुसरं तोंड नसतं.

परीक्षा झाली ती छोट्या खोलीत, मोजक्या माणसांपुढे. तोलिब-दोमला काठी टेकत आले आणि पहिल्या रांगेत बसून झोपले; टाळ्यांनी जागे झाले आणि सगळ्यांत जोरात त्यांनीच वाजवल्या. आमच्याकडे जो पास होतो त्यानेच पुलाव घालायचा असतो. तांदूळ, मांस, पिवळी गाजरं इनोबतने आणली, पण कढईपाशी जायची तिला हिंमत होईना. मिर्सोअत-अका तिच्याशी धड बोलत नव्हते ते नव्हतेच.

ती अंगणात आली तर चूल जागेवर नव्हती. विटा उचलून कुणी तरी पलीकडे, गाड्यांच्या पत्र्याच्या छपरापाशी रचल्या होत्या. कढई चढलेली, तेलाला धूर आलेला, आणि मिर्सोअत-अका कांद्याची परात काखेत धरून उभे. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. बोट तोंडात घालून ओलं केलं, वर धरलं, डावीकडे वळले, उजवीकडे वळले.

"ए डॉक्टरीणबाई," ते ओरडले. "तुझी खिडकी लावलीस का?"

"लावली, अका."

"आणि सोनं?"

"झाकलंय."

"मग बाजूला हो," ते म्हणाले आणि त्यांनी कांदे तेलात सोडले.